वस्तीतल्या मुलांची दिवाळी : या चुका टाळा

नवरात्र संपलं की कुठल्या तरी ऑफिसातल्या किंवा कॉलेजातल्या ग्रुपवर कल्पना निघते, 'या वेळी वस्तीतल्या मुलांबरोबर दिवाळी करू या.' कल्पना चांगलीच असते. पण पुढचे पंधरा दिवस चर्चा चालते ती टी-शर्टच्या रंगाची. मुलं नक्की किती, हा प्रश्न आदल्या रात्री अकरा वाजता कुणाला तरी सुचतो.

सगळ्यात आधी तारीख. ऐन दिवाळीच्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका. पुण्या-मुंबईच्या कितीतरी वस्त्यांत मराठवाड्यातली, सोलापूर-कलबुर्गीकडची घरं आहेत आणि शाळेला सुट्टी लागली की ती गावाला निघतात. वसुबारसेच्या आधीचा रविवार धरा. वेळ ठरवताना नळाला पाणी कधी येतं ते विचारा. त्या वेळेला दहा-बारा वर्षांच्या मुली हंडे भरत असतात, त्यांना सोडून कार्यक्रम होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मोजणीबद्दल. यादीत ७० नावं म्हणून ७० पाकिटं बांधणारे लोक दरवर्षी भेटतात. यादी बालवाडीची असते, मुलं मात्र वस्तीतली येतात. मोठ्या बहिणीच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ असतो, मावशीकडे सुट्टीला आलेली भाचरं असतात, पलीकडच्या गल्लीतली पोरं गाणी ऐकून येतात. मग शेवटी जे व्हायचं ते होतं. एकाच दारापाशी टेबल, टेबलामागे खोके, समोर रांग. पहिली वीस मुलं नीट उभी राहतात. खोक्यांची उंची कमी होताना मागच्यांना दिसते, तशी रांग पुढे दाबली जाते. लहानगी मधे चेंगरतात, कुणाची चप्पल जाते, कुणी रडतं. टेबलामागचा दादा 'एक एक करून या' असं ओरडत पाकिटं डोक्यावरून फेकायला लागतो. धटिंगण पोरांच्या हातात दोन-दोन, कडेवर भाऊ घेतलेली मुलगी रिकामी. इथे मुलांना बेशिस्त म्हणू नका. माल कमी आहे हे डोळ्यांना दिसत असताना रांगेत उभं राहायला मोठी माणसंही तयार नसतात.

उपाय सोपा आहे, फक्त आदल्या दिवशीची संध्याकाळ खर्च करावी लागते. बालवाडीची ताई किंवा अंगणवाडी सेविका बरोबर घेऊन गल्लीवार घरोघरी जा आणि मुलागणिक एक कूपन द्या. रंगीत कार्डशीट कापून त्यावर रबरी शिक्का मारा. साध्या कागदाच्या कूपनाची झेरॉक्स कुणीही तासाभरात काढतं. मोजणी याच फेरीत पक्की होते. तरीही ७० कूपनं गेली तर १०० नग ठेवा. वरचे ३० कुठल्याही वयाला चालतील असे, म्हणजे चित्रकलेची वही आणि खडूची पेटी. आणि रांग लावूच नका. दहा-दहा मुलांची रिंगणं करून बसवा, प्रत्येक रिंगणाला एक ताई किंवा दादा शेवटपर्यंत तोच, आणि पाकिटं तिथे बसल्या जागी आणून द्या. खोके मुलांच्या नजरेआड. 'एवढं कशाला, पटकन वाटून टाकू' म्हणणाऱ्याला पाणी द्यायला जारपाशी बसवा. (जार २० लिटरचे, शंभर मुलांना किमान तीन.)

दुसरी आवडती चूक म्हणजे पणत्या रंगवणं. हौस सगळ्यांना, तयारी कुणालाच नको. बाजारातून सकाळी आणलेल्या पणत्या तेल कमी प्यावं म्हणून पाण्यात बुडवतात आणि ओल्याच मुलांपुढे ठेवतात. ओल्या मातीवर पोस्टर रंग पसरतो, वाळला की पापुद्रे निघतात, उरलासुरला तेलाच्या हाताला लागतो. पणत्या दोन दिवस आधी दोन-तीन तास भिजवा, दिवसभर उन्हात वाळवा आणि बाहेरून ॲक्रेलिक रंगाचा एक पातळ हात मारून न्या. मुलं त्यावर नक्षी काढतील. आतली बाजू आणि वातीची चोच कोरी सोडा, तिथे तेल आणि ज्योत असते.

ॲक्रेलिक वाळला की कपड्यावरून निघत नाही, आणि मुलं हमखास दिवाळीचे नवे कपडे घालून येतात. म्हणून कूपन देतानाच आईला सांगा, 'रंगकाम आहे, जुने कपडे घालून पाठवा.' दहाच्या रिंगणाला वीस पणत्या, पाच रंग प्रत्येकी २० मिलि, दोन आणि चार नंबरचे ब्रश. पाण्याला जड स्टीलची वाटी. प्लास्टिकचा ग्लास पाच मिनिटांत सांडतो. खाली जुना फ्लेक्स उलटा अंथरा, वर्तमानपत्रं पंख्याने उडतात. रंगवण्याआधी पणतीच्या बुडाला पेन्सिलीने नाव घाला, नाहीतर शेवटी 'ही माझी, ती तुझी' यावरून भांडणं. रंगकाम सुरुवातीलाच घ्या म्हणजे खेळ होईपर्यंत पणत्या वाळतात.

फराळात खव्याची मिठाई नको, लवकर बिघडते. दोन बेसन लाडू, तीन चकल्या, मूठभर चिवडा पुष्कळ झालं. पाच वर्षांखालच्यांना मात्र शेंगदाणे आणि चकली देऊ नका, घशात अडकते. त्यांना लाडू कुस्करून.

गॅसचे फुगे नकोत. आपल्याकडे फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये बहुधा हायड्रोजन असतो, पणतीजवळ भडका उडतो. फटाकेही नकोत, पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या घरांमध्ये तर नाहीच.

बॅनरवर 'गरीब मुलांसाठी' लिहू नका. मुलांना वाचता येतं. पाकीट देतानाचे फोटोही नकोत. आईवडिलांना विचारून रंगकामाचे काढा.

पाहुणे असतील तर दोन मिनिटं बोलू द्या, तेही फराळ सुरू असताना. त्यांची वाट बघत मुलांना बसवून ठेवू नका.

निघताना ब्रश धुवा, फ्लेक्स गुंडाळा, कचऱ्याची पोती आपल्या गाडीतून न्या. उरलेल्या वह्या-खडू पुढच्या वर्षासाठी घरी नेऊ नका. मोजून, वहीत लिहून बालवाडीच्या ताईकडे द्या. गावाला गेलेली मुलं तुळशीच्या लग्नापर्यंत परत आली की ताई त्यांना ते वाटते.