उष्माघात झालेल्या माणसाला दमट हवेत थंड कसं करावं

पाणी प्या, टोपी घाला, भर दुपारी बाहेर पडू नका, हे सगळ्यांना पाठ आहे. मी मे महिन्यातल्या क्रिकेट स्पर्धांमध्ये गेली पंधरा वर्षं प्रथमोपचाराचं टेबल सांभाळतोय, कधी कळव्यात, कधी ऐरोलीत. माणूस कोसळल्यानंतरच्या अर्ध्या तासात काय करायचं, याचे मोबाइलवर फिरणारे सल्ले वाचून जीव घाबरा होतो. निम्मे चुकीचे असतात आणि उरलेले विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याचे.

नागपुरात वाळ्याचा कूलर खोली गार करतो, कारण तिथली कोरडी हवा पाणी झटकन शोषते. आपल्याकडे खाडीकाठी घाम अंगावरच राहतो, आणि घाम सुकल्याशिवाय शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनारपट्टीवर ३७ पासून. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्याला उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता.

आधी ओळखा. अंग तापलंय आणि माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय, नाव विचारलं तर भलतंच सांगतोय किंवा झटके येतायत, म्हणजे उष्माघातच समजा. घाम थांबला तरच उष्माघात, हे डोक्यातून काढून टाका. खेळताना किंवा अंगमेहनत करताना कोसळलेला माणूस घामाने निथळत असू शकतो.

१०८ ला फोन करा, सावलीत आणा, बूट-मोजे आणि जाड कपडे काढा.

आता खरं काम. माझ्या तिसऱ्या वर्षी एक तरुण गोलंदाज पडला. आम्ही त्याला ओल्या चादरीत गुंडाळलं आणि रुग्णवाहिकेची वाट बघत बसलो. पाच-सात मिनिटांनी चादरीखाली हात घातला तर कापड कोमट झालं होतं आणि पोट तव्यासारखं तापलेलं. पोरगा वाचला, पण कित्येक दिवस अतिदक्षता विभागात होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, चादर एकदा टाकून सोडलीत, तिथे वेळ गेला.

त्या दिवसापासून माझ्या टेबलाशेजारी मोठी ताडपत्री आणि बर्फाची अर्धी लादी असतेच. तरुण, धडधाकट माणूस असेल तर त्याला ताडपत्रीवर निजवा, चौघांनी कडा उचलून धरा, आत पाणी आणि फोडलेला बर्फ ओता आणि पाणी हाताने हलवत राहा. डोकं सतत पाण्याबाहेर हवं, त्यासाठी एक माणूस फक्त डोक्याशी ठेवा. ताडपत्री नसेल तर बर्फाच्या पाण्यातले पंचे छाती, पोट आणि मांड्यांवर टाका आणि दर दोन मिनिटांनी बदला. काखेत, जांघेत आणि मानेला बर्फाच्या पिशव्या लावा. पंखा असला तर लावाच, पण नुसत्या पंख्यावर विसंबू नका. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसाला ताडपत्रीच्या पाण्यात ठेवू नका, त्याच्यासाठी पंचे, पिशव्या आणि पंखाच.

‘एकदम गार पाणी ओतू नका, झटका बसेल’ असं गर्दीतलं कुणीतरी हमखास म्हणतं. ऐकू नका. आतला ताप ४० च्या वर गेलेला असतो, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं मिनिटामिनिटाने होरपळत असतात, आणि तिथे हळूहळू थंड करण्याइतका वेळ नसतो. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत हात थांबवू नका. माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला, की पाण्यातून बाहेर काढा.

क्रोसिन देऊ नका, या तापावर तिचा उपयोग नाही. शुद्ध हरपलेल्याच्या किंवा बरळणाऱ्याच्या तोंडात पाणी, सरबत, कांद्याचा रस काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच ओआरएस घोटाघोटाने द्या.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: किती वाजता पडला, थंड करायला कधी सुरुवात केली, बेशुद्ध किती वेळ होता. मी त्या वेळा पेनाने माझ्या मनगटावर लिहितो. कागद ओला होतो.