डेबिट कार्डावरून परस्पर पैसे गेले, तर बँक काय तपासते आणि तक्रार कशी लिहावी

रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी एटीएममधून ९,५०० रुपये काढल्याचा संदेश येतो आणि कार्ड तर आपल्याच पाकिटात असते. अशा वेळी शाखा उघडण्याची वाट पाहू नये. बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड ताबडतोब बंद करावे आणि त्याच फोनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. हा क्रमांक इंटरनेटवर शोधण्याच्या फंदात पडू नये, कारण ग्राहक सेवेच्या नावाने तिथे भामट्यांचेही क्रमांक सापडतात. त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावरही माहिती द्यावी.

मशिनमधून नोटा बाहेर आल्याच नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, हा प्रकार वेगळा आहे. तो अर्धवट राहिलेला, अयशस्वी व्यवहार असतो, फसवणूक नव्हे. त्यासाठीच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हावी लागते आणि उशीर झाल्यास बँकेला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रारीत हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

घाई करायची ती रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकामुळे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची, असे असेल आणि संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर एका पैशाचीही जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास नेहमीच्या बचत खात्यासाठी ही जबाबदारी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये असते, तर सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. संदेश मिळाल्याचा दिवस यात मोजत नाहीत. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी संदेश आला, तर शनिवार-रविवार वगळून आणि मध्ये दुसरी सुट्टी नसल्यास बुधवारपर्यंत मुदत मिळते. पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

आता बँकेच्या आतले काम. व्यवहार मंजूर झाला तो नेमका कशाच्या आधारे, हा तिथला पहिला प्रश्न असतो. कार्डावरची चिप वाचली गेली की काळी चुंबकीय पट्टी, पिन टाकला गेला का, की कार्ड न घालता नुसता क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला गुप्त आकडा) देऊन संकेतस्थळावर खरेदी झाली, हे सारे व्यवहाराच्या नोंदीत सांकेतिक स्वरूपात उतरलेले असते. चिपची नक्कल करणे फार अवघड आणि पट्टीची त्या मानाने सोपी, त्यामुळे चिपचे कार्ड असताना व्यवहार पट्टीवर झालेला दिसला, तर ग्राहकाचे म्हणणे बळकट होते. ऑनलाइन खरेदी असेल तर ओटीपी कोणत्या मोबाईलवर गेला, तो क्रमांक अलीकडे बदलला होता का आणि व्यवहार कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून झाला, हे पाहिले जाते. परदेशी संकेतस्थळांवर पुष्कळदा ओटीपी लागतच नाही, आणि म्हणूनच तशा व्यवहारांत ग्राहकाची बाजू सहसा सोपी असते.

एटीएमच्या बाबतीत मशिनची इलेक्ट्रॉनिक नोंदवही, स्विचची (व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या संगणक यंत्रणेची) नोंद आणि कॅमेऱ्याचे चित्रण या तिन्हींचा ताळमेळ घातला जातो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, त्यात बनावट कार्डांनी अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि त्यांना मंजुरी देणारी यंत्रणा बँकेची नव्हती, हल्लेखोरांची होती. एकाच ठिकाणची नोंद पाहून भागत नाही, ते अशा कारणांमुळे. एटीएम दुसऱ्या बँकेचे असेल तर आपली बँक दोन्ही बँकांना जोडणाऱ्या जाळ्यामार्फत त्या बँकेकडे पुरावा मागते आणि पुरावा न पटल्यास रकमेवर दावा लावते. याला 'चार्जबॅक' म्हणतात. चित्रण कायम जपून ठेवले जात नाही, म्हणून ते राखून ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात करावी.

अर्जात रागापेक्षा तपशील हवा. उदाहरणार्थ : "दिनांक अमुक रोजी रात्री २.१४ वाजता माझ्या खात्यातून ९,५०० रुपये एटीएमद्वारे काढले गेले. त्या वेळी कार्ड माझ्या ताब्यात होते आणि मी घरी होतो. पिन वा ओटीपी मी कोणालाही दिलेला नाही. २.२१ वाजता मी कार्ड बंद केले. व्यवहार चिपवर झाला की पट्टीवर, हे लेखी कळवावे आणि संबंधित एटीएमचे चित्रण जपून ठेवावे." सोबत संदेशाचे छायाचित्र आणि खातेउतारा जोडून अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी.

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात जमा करायची असते. मात्र ही तात्पुरती जमा आहे, निकाल नव्हे, त्यामुळे ती लगेच खर्च करू नये. तक्रार निकाली काढण्याची कमाल मुदत ९० दिवसांची आहे. "व्यवहार योग्य पिनने झाला, सबब जबाबदारी आपली" असे एका ओळीचे उत्तर आले, तर तिथे थांबू नये. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार २०१७ च्या त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे आणि माझ्या मते नुसता पिन जुळला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असे होत नाही. अशा उत्तराला नोंदींची मागणी करणारे दुसरे पत्र द्यावे.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचे दाखवावे लागते, आणि तेव्हा ती शिक्क्याची प्रत कामी येते.