इंग्रजी बोलताना हमखास होणाऱ्या या चुका टाळा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. दहावीपर्यंत काळांचे तक्ते पाठ होतात, गाळलेल्या जागा भरून मार्कही मिळतात. तरीही ऑफिसात इंग्रजीतून फोन आला की वाक्य अडतं, नाहीतर भलतंच तोंडातून निघतं. बहुतेक वेळा नियम माहीत असतो. पण बोलायच्या घाईत वाक्य मराठी वळणानं जुळतं आणि शब्द तेवढे इंग्रजी पडतात. म्हणून सगळं व्याकरण पुन्हा पहिल्यापासून घोटत बसू नका. दोन्ही भाषांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात, तेवढ्या जागा हेरा आणि त्या तोंडात बसवा.

नकारार्थी प्रश्नाला ‘येस’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘जेवला नाहीस का?’ असं कुणी विचारलं तर आपण सहज म्हणतो, ‘हो, नाही जेवलो.’ समोरचा म्हणतोय ते खरं आहे, म्हणून ‘हो’. इंग्रजीत त्याच्या म्हणण्याचा संबंध नाही. गोष्ट झाली असेल तर ‘येस’, झाली नसेल तर ‘नो’. परदेशातला क्लायंट विचारतो, ‘सो यू हॅवन्ट रिसीव्ह्ड द फाइल?’ फाइल मिळालेली नसते आणि तुम्ही म्हणता, ‘येस.’ ती मिळाली असं समजून तो पुढच्या विषयाकडे वळला, तर त्यात त्याची चूक नाही.

उपाय सोपा आहे: एका शब्दावर थांबू नका. ‘नो, आय हॅवन्ट’ किंवा ‘येस, आय हॅव’ अशी जोडीच तोंडी बसू द्या. घरातल्या कुणाला तरी मुद्दाम उलटे प्रश्न विचारायला सांगा. ‘यू डोन्ट ड्रिंक टी?’ ‘यू डिडन्ट गो टुडे?’ सुरुवातीला प्रत्येक उत्तराला अडखळाल, पण जीभ वळेपर्यंत हे करत राहायला हवं.

‘गेलो होतो’ला ‘हॅड गॉन’

‘काल मी पुण्याला गेलो होतो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. गेलो आणि परत आलो, एवढंच. त्याचं ‘आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे’ केलं की ऐकणारा पुढची गोष्ट ऐकायला थांबतो, कारण ‘हॅड’ आला म्हणजे त्यानंतर आणखी काहीतरी घडलेलं असतं. साधं ‘आय वेंट टू पुणे येस्टरडे’ म्हणा. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी कोणती आधी झाली हे दाखवायचं असेल, तेव्हा ‘हॅड’ वापरा: ‘व्हेन आय रीच्ड दादर, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ बोलताना ‘होतो, होती, होते’ मनात आलं की सावध व्हा.

‘सिन्स फाइव्ह इयर्स’

‘मी पाच वर्षांपासून ठाण्यात राहतोय’ यात क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन ठाणे सिन्स फाइव्ह इयर्स’ असं वाक्य तयार होतं. यात दोन चुका आहेत. तेव्हा सुरू झालेलं आजही चालू असेल तर ‘हॅव बीन’ लागतं. आणि किती काळ ते सांगायला ‘फॉर’, कधीपासून ते सांगायला ‘सिन्स’: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर फाइव्ह इयर्स’, ‘सिन्स २०२०’. पुस्तकातली वाक्यं सोडा. स्वतःचं घर, नोकरी, चष्मा यांवर वाक्यं करा. मुलाखतीतही हीच विचारतात.

पटकन सुधारता येतील अशा

‘डिड यू वेंट?’ नको, भूतकाळ ‘डिड’नं उचलला, आता ‘गो’च. ‘कॅन यू टेल मी’नंतर ‘व्हेअर इज द स्टेशन’ नको, ‘व्हेअर द स्टेशन इज’. ‘टोल्ड टू हिम’मधला ‘टू’ आपल्या ‘त्याला’तून येतो, तो काढा. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो. आणि ‘गिव्ह मी वॉटर’ हा हुकूम वाटतो. आपल्याकडे ‘द्या’, ‘द्याल का’ यातच अदब येते. तिथे ती ‘कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ अशी वेगळी आणावी लागते.

सराव करतानाच्या चुका

दर वाक्याला टोकणारा जोडीदार सरावाचं नुकसान करतो. बोलणाऱ्याचं लक्ष सांगायच्या गोष्टीवरून उडतं आणि तो दोन-तीन शब्दांत उत्तर देऊन मोकळा होतो. आयल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतही बोलण्याच्या भागात व्याकरणाला एक चतुर्थांशच वजन आहे. बाकीचं ओघ, शब्दसंपत्ती आणि उच्चार यांना. जोडीदारानं चुका कागदावर टिपाव्यात आणि बोलणं संपल्यावर दाखवाव्यात. मराठी वळणाच्या उच्चारांची लाज बाळगू नका. शब्द स्पष्ट कळला म्हणजे झालं.

जोडीदार नसेल तर फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा: आज काय केलं, उद्या काय करायचंय. ऐकताना एका वेळी एकच चूक शोधा. या आठवड्यात फक्त ‘हॅड’, पुढच्या आठवड्यात फक्त ‘सिन्स’. चुकलेलं वाक्य लिहून ठेवू नका, तिथल्या तिथे दुरुस्त करून मोठ्यानं म्हणा आणि त्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं बोला.