ड्राइव्ह माउंट होतो, पण फाइल लिहिता येत नाही : या चुका टाळा

देवगडच्या आंबा व्यापाऱ्याने हिशेबाची जुनी हार्ड डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडली, किंवा मालवणच्या फोटो स्टुडिओने लग्नाचे चित्रण दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायला घेतले, की अनेकदा ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश समोर येतो आणि कोणीतरी लगेच ‘सीएचमॉड ७७७ मार’ (म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या देणारी आज्ञा चालव) असा सल्ला देतो. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण ड्राइव्हवर कोणती फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची रचना) आहे हे पाहिल्याशिवाय या आज्ञेचा उपयोग होईल की नाही, हेच सांगता येत नाही. ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा ते क्षणात दाखवते.

फॅट३२ आणि एक्सफॅट या फाइल सिस्टिम लिनक्समधील मालकाची नोंद ठेवतच नाहीत. मालक आणि परवानग्या माउंट करतानाच, म्हणजे ड्राइव्ह एखाद्या फोल्डरला जोडतानाच, ठरतात, म्हणून नंतर केलेला सीएचमॉड वाया जातो. डेस्कटॉपवर क्लिक करून ड्राइव्ह उघडला तर तो लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावे माउंट होतो. तोच सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरून हाताने किंवा एफएसटॅबमधून (संगणक सुरू होताना जोडायच्या ड्राइव्हची यादी असलेल्या फाइलमधून) माउंट केला, तर मालकी रूटकडे, म्हणजे प्रशासक खात्याकडे, जाते. अशा वेळी माउंटच्या पर्यायांत आपला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) द्यावा. उबुंटूत पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक सहसा १००० असतो. ‘आयडी’ आज्ञेने खात्री करून घ्यावी. यूमास्क हा माउंटचा पर्याय मात्र परवानग्या वजा करतो. तेथे ०२२ ऐवजी ७५५ लिहिणाऱ्याच्या हाती मालक असूनही काहीच उरत नाही, आणि ही चूक दिसते त्याहून बरीच सर्रास आहे.

एक्सट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा व्यवहार याच्या उलट आहे. तिला यूआयडीचा पर्याय दिल्यास माउंटच होत नाही. मालकी डिस्कवरच, नावाने नोंदली न जाता क्रमांकाने नोंदलेली असते, त्यामुळे जुन्या संगणकावर १००१ असलेल्या व्यक्तीच्या फाइली नव्या संगणकावर परक्या ठरतात. येथे मालकी बदलणारा सीएचओन वापरावा, पण ड्राइव्ह माउंट झाल्यानंतर. आधी वापरल्यास केवळ रिकाम्या फोल्डरची मालकी बदलते आणि माउंट होताच ते फोल्डर ड्राइव्हखाली झाकले जाते.

ड्राइव्ह ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचण्यापुरता) माउंट झाला असेल, तर मालकी बदलून काहीही साधत नाही. ‘फाइंडएमएनटी’ आज्ञेच्या यादीत ‘आरओ’ (रीड-ओन्ली) दिसले की ‘डीमेसेज’ आज्ञेने दिसणारे सिस्टिमचे संदेश वाचावेत. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे बंद केलेले विंडोजही अर्धे निद्रावस्थेत राहते आणि त्याचे एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) विभाजन लिनक्स लिहिण्यासाठी उघडत नाही. ती सुविधा बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करावे. दुसरे कारण कोकणात पावसाळ्यात हमखास भेटते : वाऱ्यापावसात वीज जाते, डिस्कवरचे लिहिणे मध्येच तुटते आणि फाइल सिस्टिममध्ये दोष राहतो. एनटीएफएस असेल तर विंडोजमध्ये चेकडिस्क चालवावे, कारण लिनक्समधील एनटीएफएसफिक्स त्याची जागा घेऊ शकत नाही. एक्सट४ असेल तर आधी अनमाउंट करून एफएससीके ही तपासणी-दुरुस्तीची आज्ञा चालवावी. माउंट असलेल्या डिस्कवर ती कधीही चालवू नये. ‘आय/ओ एरर’ दिसत असतील, तर दुरुस्तीआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात. यूपीएसचा खर्च येथे चैनीचा म्हणता येणार नाही.

एफएसटॅबमध्ये एसडीबी१ सारखे नाव लिहू नये, कारण दुसरा पेन ड्राइव्ह लावताच ते बदलू शकते. त्याऐवजी यूयूआयडी (विभाजनाचा कायम ओळख क्रमांक) लिहावा. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा, नाहीतर ती घरी राहिली की संगणक इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो. पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘सुडो माउंट -ए’ने ओळ तपासावी.

फाइल मॅनेजरमध्ये सर्व काही उघडते आणि एकाच ॲपला ड्राइव्ह दिसत नाही, असे झाल्यास ते ॲप स्नॅपचे (उबुंटूतील, ॲपला बंदिस्त ठेवणाऱ्या पॅकेजचे) आहे का, हे पाहावे. स्नॅप ॲपला ‘रिमूव्हेबल-मीडिया’ची जोडणी वेगळी द्यावी लागते, आणि ती ‘स्नॅप कनेक्ट’ आज्ञेने देता येते.