स्लॅबच्या सळईवरून गिलावा परत परत सुटत असेल तर (माझा अनुभव)

घर पेडण्यात, समुद्राजवळ. व्हरांड्याच्या स्लॅबला खालून सळईच्या रेषेत भेग, तांबूस डाग, मग पोपडा. सिमेंटचा गिलावा भरला, वर वॉटरप्रूफिंगही केलं. पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. वैताग नुसता!

गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून ढकलतो. अर्धीच सळई उघडली, तर नवा माल गंजावर चिकटतो, लोखंडावर नाही.

जमलं ते असं. आधी टेकू. हातोडीने ठोकून जिथवर पोकळ आवाज येतो तिथवर खडूने खूण. मग सळईच्या मागेही २०-२५ मिमी मोकळं होईल इतकं फोडलं, आणि लांबीत स्वच्छ लोखंड लागेपर्यंत पुढे गेलो. गवंडी इथेच कंटाळतात. उभं राहून करून घ्या. वायर ब्रशने मागची बाजूही घासली, गोड्या पाण्याने धुतली (खारी विहीर नको), वाळताच झिंक प्रायमर. साधा ऑइलपेंट लावू नका, पकड जाते.

बरीच झिजलेली सळई असेल तर इंजिनिअरला विचारून शेजारी नवी जोडावी. आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) प्रमाणे एम२० प्रतीच्या काँक्रीटमध्ये एफई५०० प्रतीच्या सळईचा लॅप (जुनी-नवी सळई शेजारी-शेजारी ठेवायची लांबी) व्यासाच्या सुमारे ५७ पट येतो; ८ मिमीला साधारण ४६० मिमी, चांगल्या भागावर, दोन्ही टोकांना.

शेवटी जुन्या काँक्रीटला बाँड कोट (जुनं-नवं सांधणारा चिकट थर), आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) सळईमागे दाबून, थराथराने. कोट वाळला तर खरवडून पुन्हा लावायचा.