गावी जाऊन पूर्वजांचा माग काढण्याआधी

गावच्या जुन्या दप्तरात पणजोबा-खापरपणजोबा शोधायचे तर दिवाळीचे चार दिवस धरू नका, कचेऱ्या बंद असतात. तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा बरा. जायच्या आधीचा महिनाभर मात्र घरच्या कामासाठी ठेवा, कारण तहसीलच्या अभिलेख कक्षात पहिला प्रश्न येतो तो जमिनीच्या सर्व्हे नंबरचा किंवा गट नंबरचा. तो हाती नसेल तर पुढचं काही हलत नाही.

सगळ्यात आधी घरातल्या वयस्कर बायांशी बोलून घ्या. दप्तरं वर्षानुवर्षं टिकतात, माणसं तेवढी थांबत नाहीत. "जन्म कधीचा?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. "पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?" असं विचारलंत तर मिळतं. पानशेत १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, मोठा दुष्काळ १९७२. ऐकीव आठवणींसाठी १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आणि १८९६ पासूनची प्लेगची साथ. या खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि प्रत्येक उत्तर त्यांच्याशी जोडत जा. परवानगी विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा. प्रत्येक बाईचं माहेरचं गाव, माहेरचं आडनाव आणि लग्नाआधीचं नाव, ही तीन उत्तरं घेतल्याशिवाय उठू नका. लग्नात नाव बदललेली पणजी कागदावर फक्त सासरच्या नावानं सापडते, आणि बहुतेक घराण्यांच्या वंशावळीत तर ती सापडतच नाही. बापाकडून मुलाकडे जाणारी नुसती रेघ काढायची असेल तर एवढी मेहनत कशाला, असं मला मनापासून वाटतं.

मग फोटो. भिंतीवरची तसबीर काचेला चिकटलेली असेल तर ओढून काढू नका, चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट, फ्लॅश न वापरता, खिडकीच्या उजेडात थोडं तिरकं उभं राहून फोटो घ्या. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि मागची बाजूही न विसरता करा. स्टुडिओचा शिक्का, शहराचं नाव, कुणीतरी शाईनं लिहिलेलं 'चि. बाळ, मुंजीच्या वेळी' हे सगळं मागेच असतं. पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो पुठ्ठ्यापासून सोडवू नका, स्टुडिओचं नाव बऱ्याचदा पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवर छापलेलं असतं. पुरुषांच्या डोक्यावर पगडी आहे, पागोटं आहे की गांधी टोपी, ते बघा. गांधी टोपी दिसली तर फोटो १९२० च्या सुमाराचा किंवा नंतरचा धरायला हरकत नाही. नावं लिहायची ती मागे, कडेला, मऊ पेन्सिलनं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. ते नंतर उतरवता येत नाही.

ट्रंकेतली कागदं चाळताना जुने सातबारे, खरेदीखतं, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्डं वेगळी काढा. कुणी मुंबईला गिरणीत असेल तर त्याची नोकरीची कागदं. सालं तिथल्या तिथे इसवी सनात बदलून घ्या. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८४० म्हणजे १९१८-१९. मराठवाड्यात निजामाच्या काळातलं फसली साल असेल तर ५९०: फसली १३३० म्हणजे १९२०-२१. तालुका-जिल्हाही तपासा. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला, जालनाही त्याच वर्षी औरंगाबादेतून. त्याआधीचं दप्तर कुठे आहे हे फोनवर विचारून मगच एसटीत बसा. काही जिल्ह्यांची जुनी पानं भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली आहेत, ती घरबसल्या बघून होतात.

कचेरीत मागायचं ते मुख्यतः जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला बरेच जण कोतवाल बुक म्हणतात. नकलेसाठी अर्ज आणि कोर्ट फी स्टॅम्प सोबत ठेवा. फेरफार वाचायला थोडी सवय लागते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. समजा एक ओळ अशी निघाली: 'खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई.' अज्ञान म्हणजे वयात न आलेला, आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एवढ्यावरून कळतं की बाप मुलगा सज्ञान व्हायच्या आत गेला आणि कागदोपत्री जमीन त्या विधवेनं सांभाळली. पुढच्या फेरफारात 'मुलगा सज्ञान झाल्याने' आईचं नाव कमी झालेलं दिसेल. त्या दोन नोंदींमधली वर्षं म्हणजे तिचा कारभार. ती वर्षं वहीत तिच्या नावापुढे लिहा. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींचीही नावं येतात, हक्कसोड झाला असेल, म्हणजे मुलीनं आपला हिस्सा लेखी सोडला असेल, तर नक्कीच.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा माग शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि नमुना १४ मध्ये लागतो. महार वतन, म्हणजे गावच्या कामाबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क, असेल तर वतनाच्या नोंदींतही. शाळेतल्या जन्मतारखेवर विसंबू नका, १ जून ही बऱ्याचदा मास्तरांनी घातलेली तारीख असते.

घरातून कुणी अस्थी घेऊन नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांची, म्हणजे तिथल्या पुरोहितांची, नामावळी बघा; आलेल्या घराण्यांच्या नोंदी त्यांच्या जुन्या वह्यांत, म्हणजे बाडांत, असतात. मूळ गाव, आडनाव, जात आणि आजोबांचं नाव सांगितलं की ते बाड काढतात. जुनं आडनाव वेगळं असेल तर तेही सांगा. तिथे तुमचीही नोंद करून घेतील, तेव्हा बायकोचं, आईचं आणि मुलींचं नाव आवर्जून लिहायला लावा.

जुनं पान मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत, निघालं तर घाबरू नका, अंदाजानंही वाचू नका. शब्दांत जागा नसते आणि एक अक्षर चुकलं की माणूस बदलतो. पूर्ण पानाचा सरळ फोटो घ्या, बाडाचं नाव आणि पान क्रमांक टिपा, आणि जाणकाराकडून देवनागरीत लिप्यंतर करून घ्या. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मराठ्यांच्या किंवा इंग्रजांच्या चाकरीतलं, इनामाचं घराणं असेल तर पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईच्या कागदांचा संग्रह, आहेच.

सगळ्यात नाजूक काम भाऊबंदांचं. शहरातला पुतण्या अचानक आजोबांचा सातबारा विचारू लागला की वाटणीचा संशय येतो, आणि तो येणं साहजिक आहे. म्हणून कचेरीत जाण्याआधी मोठ्या काकांच्या घरी जा, कशासाठी आलात ते सगळ्यांसमोर सांगा, आणि जमल्यास एका चुलतभावाला बरोबर घेऊनच अर्ज करा. मिळालेल्या प्रत्येक नकलेची एक झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवून या, आणि स्कॅन केलेले फोटो ज्यांच्या ट्रंकेतून निघाले त्यांना मोठे करून, पाठीमागे नावं लिहून पाठवा.