आधी पाना, मग पेडल

दुरुस्तीला आलेल्या इलेक्ट्रिक गिटारबरोबर तक्रार बहुतेक एकच असते: "दादा, आवाजात दम नाही, पिकअप बदलून द्या." गिटार हातात घेतली की बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार तीन मिलिमीटर वर तरंगताना दिसते, तारा गंजलेल्या असतात आणि पाचव्या फ्रेटपलीकडची प्रत्येक कॉर्ड बेसूर लागते. असल्या गिटारमध्ये कितीही महागडा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा चुंबकाचा भाग) घाला, तो बेसूरपणाच मोठ्याने ऐकवणार.

गिटार सेट करायचं हे काम शिकायचं असेल, स्वतःपुरतं किंवा पोटापाण्यासाठी, तर क्रम पक्का करा. आधी नव्या तारा, मग नेक (गिटारची मान), मग अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) आणि शेवटी पिकअपची उंची. नेक हलवली की अ‍ॅक्शन बदलते, अ‍ॅक्शन बदलली की इंटोनेशन सरकतं. उलट्या क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा. तारा मात्र नेहमी वाजवणार त्याच गेजच्या (जाडीच्या) लावा. ९ च्या बारीक सेटवरून १० च्या जाड सेटवर गेलं की ताण वाढतो, नेक पुढे ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

नेक तपासायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सर्वांत जाड ई तार नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. त्यासाठी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा संच) लागतो. गिटारच्या दुकानात तो शोधत बसू नका. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच, दुचाकीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. रॉड अडतोय असं हाताला जाणवलं की थांबा. अ‍ॅलन की (रॉडचा नट फिरवायचा षटकोनी पाना) अचूक मापाचीच घ्या. काही गिटारना इंची लागते, काहींना मिलिमीटरची, आणि "जवळपास बसतेय" म्हणून फिरवली की नटाच्या कडा झिजतात. मग तो काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचा ताप.

मुंबईत आणि कोकणपट्टीत हे एकदा करून भागत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, म्हणून मी जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नेक तपासतोच. सतत एसीत राहणाऱ्या गिटारच्या फ्रेटची टोकं बोटांना बोचू लागतात, तेही लाकूड आकसल्यामुळेच.

अ‍ॅक्शन बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर ठेवली तर बहुतेकांचं जमतं. तार थोडी खरखरते म्हणून लगेच घाबरू नका; अ‍ॅम्पमधून ऐकू येत नसेल तर सोडून द्या. मग इंटोनेशन: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवायचा. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल (बॉडीवरचा तारेचा टेकू) मागे, म्हणजे नटापासून (मानेच्या टोकाच्या, तारा टेकतात त्या पट्टीपासून) दूर. उतरला तर पुढे.

पिकअपची उंची नवशिके विसरतात, आणि गंमत तिथेच आहे. स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारच्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचं चुंबक तारेच्या फार जवळ आलं की ते तारेलाच ओढतं. जाड्या तारेत दोन सूर एकदम ऐकू येतात आणि ट्यूनरचा काटा स्थिरावत नाही. इंटोनेशन काही केल्या लागत नसेल तर आधी पिकअप खाली करून बघा. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड बाजूला साधारण दोन मिलिमीटर आणि बारीक बाजूला त्याहून किंचित कमी अंतर ठेवून सुरुवात करा.

एवढं झाल्यावरच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या. वायरिंग उपसण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा पार्ट) घेताना सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम), हमबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० के एवढंच सांगून चालत नाही. व्हॉल्यूमसाठी 'ए' म्हणजे ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा बदलणारा) मागा. 'बी' (लिनिअर) पॉट दिला तर नॉब फिरवताना बराच वेळ फरकच कळत नाही आणि तळाशी आवाज एकदम पडतो. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मंद आणि बोथट होत असेल तर त्या पॉटवर ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. चार-पाच रुपयांच्या या पार्टने जेवढा फरक पडतो तेवढा मी अनेक महागड्या मॉडने (फेरफाराने) पडताना पाहिलेला नाही. गिटारच्या आतून तांब्याची पट्टी चिकटवली की खरखर कमी होते, पण सिंगल कॉइलची ५० हर्ट्झची गुणगुण पूर्ण जात नाही. ती चुंबकीय असते, पट्टीला जुमानत नाही. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प मात्र उघडू नका: प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

पेडलचा (पायाने चालवायच्या इफेक्टच्या डब्यांचा) नेहमीचा क्रम ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन (आवाज फाडणारे), मग कोरस-फेझर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. डिले डिस्टॉर्शनच्या आधी लावला की पडसादही फाटतात आणि सगळा गिचका होतो. तसंच हवं असेल तर खुशाल लावा. अडॅप्टर घेताना व्होल्ट आणि पोलॅरिटी तंतोतंत जुळली पाहिजे. मिलिअँपिअर जास्त असले तरी चालतात. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या फझकडे (आवाज फाडणाऱ्या पेडलकडे) विशेष लक्ष द्या. तो बफरच्या (सिग्नलला बळ देणाऱ्या सर्किटच्या) आधी, थेट गिटारला जोडलेला हवा, आणि पीएनपी ट्रान्झिस्टरचा असेल तर त्याची पॉझिटिव्ह बाजू ग्राउंडला असते, म्हणून एका अडॅप्टरच्या साखळीत इतरांबरोबर लावू नका. शिवाय तापमान वाढलं की जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती वाढते. जानेवारीत छान वाजणारा फझ मे महिन्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमात तुटक, गुदमरलेला वाजला तर पेडल उघडायची घाई नको. सावलीत ठेवा, किंवा उन्हाळ्यासाठी सिलिकॉनवाला वेगळा घ्या.